रातचं विमान

आमच्या गावावरून रात्री एक विमान जायचं. गाव वर्धा जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं. नागपूरचा सोनेगाव विमानतळ सरळ रेषेत धरला तर पन्नासेक किलोमीटर. मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे १९६२-६३ सालची. गावात वीज नव्हती, मोटारपंप नव्हते. रात्री कोल्हे, कुत्री अन् कोठ्यात मान हलवणाऱ्या बैलांच्या घंट्या एवढेच आवाज. मध्यरात्र उलटली की पश्चिमेकडून एक घरघर सुरू व्हायची, डोक्यावरून जायची अन् नागपूरच्या बाजूला विरून जायची. उजाडायच्या आधी तोच आवाज उलटा. आमच्या भागातली केळी तेव्हा नावाजलेली होती. केळीच्या बागेत रानडुकरांसाठी जागल करावी लागे. मनगटावर घड्याळ कोणाच्याच नव्हतं. ‘विमान गेलं’ म्हणजे अर्धी जागल झाली, आता दुसऱ्यानं उठायचं, असा हिशोब.

बाबाला ते विमान कशाचं हे माहीत होतं. ते टपालाचं होतं.

ही गोष्ट आता आमच्या पोरांना सांगितली तर ती खोटी वाटते, म्हणून नीट सांगतो. १९४९ साली, ३० जानेवारीला, गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी, सरकारनं रात्रीची टपालविमानं सुरू केली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते, डोकं त्यांचं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता अन् मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं अन् चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला भेटायची. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून. मुंबईच्या विमानातल्या कलकत्त्याच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या मद्रासमध्ये, अशी तासभर फिरवाफिरव व्हायची. मग ज्याचं त्यानं आपल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्याच्या टपालघरात. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. विमानानं जाणाऱ्या पत्राला जास्तीचं तिकीट लावायची गरज राहिली नाही. म्हणजे आमच्यासारख्याचं साधं पत्रही, थैली त्या रस्त्याची असली तर, विमानात बसू लागलं. आमच्या घरातला माणूस कधी विमानात बसला नव्हता, पत्र मात्र बसत होतं.

विमानं डाकोटा जातीची. दोन इंजिनांची, दुसऱ्या महायुद्धात सैन्याचं सामान वाहून थकलेली, युद्ध संपल्यावर स्वस्तात निघालेली. थैल्यांसोबत थोडे प्रवासीही असायचे. आधी खासगी कंपन्यांनी हे काम केलं, १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ते इंडियन एअरलाइन्सकडे गेलं. जे. आर. डी. टाटांनी या रात्रीच्या योजनेला सुरुवातीला विरोध केला होता. रात्री विमान उडवायला लागणाऱ्या सोयी आपल्या देशात पुरेशा नाहीत, असं त्यांचं म्हणणं. टाटा हे बोलायचे ते अनुभवातून. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी स्वतः एका इंजिनाचं चिमुकलं पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणलं होतं, टपाल घेऊन. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचायचं, मग मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा. पण ती विमानं दिवसा उडायची. अंधार पडला की विमान जमिनीवर, बैल गोठ्यात, हा शहाणपणाचा नियम होता. नागपूरच्या योजनेनं तो मोडला.

डिसेंबर १९५३ मध्ये, १२ तारखेच्या पहाटेआधी, नागपूरहून मद्रासला निघालेलं डाकोटा उडाल्याबरोबर इंजिन बिघडून पडलं. आत १४ जण होते, १३ गेले. पायलट तेवढा वाचला. माझा जन्म तेव्हा व्हायचा होता. बाबा केळीच्या घडांची गाडी घेऊन त्याच आठवड्यात नागपूरला गेला होता, त्यानं बाजारात ऐकलं. घरी येऊन त्यानं आजीला सांगितलं. पुढं नऊ वर्षांनी त्याला वाटलं असणार की सांगितलं नसतं तर बरं होतं.

कारण नऊ वर्षांनी काका आसामात होता.

काका बाबापेक्षा सात वर्षांनी लहान. पलटणीत ड्रायव्हर. त्याची पत्रं कलकत्त्याच्या ९९ ए.पी.ओ. या पत्त्यावरून यायची. पोस्टमन सेलूहून सायकलनं आठवड्यातून दोनदा यायचा. १९६२ च्या २० ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, चीननं हल्ला केला. काकाचं दसऱ्याआधीचं पत्र आलेलं होतं, त्यात तेजपूरचं नाव होतं. त्यानंतर काही नाही. नोव्हेंबरात सेलूच्या रेडिओवर बातमी की तेजपूर रिकामं करताहेत. बाबा ती ऐकून सायकल हातात धरून चालत आला. बसला नाही सायकलवर. हे मला आठवतं.

आजीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. पोराचं पत्र त्या रातच्या विमानात येते. विमान नीट आलं तर पत्र येईल. त्या वर्षी दिवाळीनंतर दोन-तीन रात्री आभाळ भरून आलं, अवकाळी पाऊस पडला, कापूस भिजला. विमान त्या रात्री फार खालून गेलं की ढगांमुळं आवाज खालून आल्यासारखा वाटला, कोण जाणे. आजी खाटेवर उठून बसली.

“कंदील टांग नं बाप्पा. त्याले वाट दिसन.”

“माय, थे विमान हाये. बैलगाडी नाई.”

“मंग का झालं? मानूसच हाकलते नं?”

बाबा उठला. कंदिलात घासलेट भरलं, काच पुसली अन् अंगणातल्या उंच बांबूला दोरीनं वर ओढून कंदील टांगला. माय चुलीजवळून पाहत होती. तिला हसू आलं होतं, पण ती हसली नाही. तेव्हापासून हवा खराब असली की कंदील वर जायचा.

यात एक गोम होती. आमच्या डोक्यावरून जायचं ते मुंबईचं विमान. कलकत्त्याचं विमान नागपूरच्या पूर्वेकडून यायचं, भंडाऱ्याच्या बाजूनं. ते आमच्या गावावरून जायचं काहीच कारण नव्हतं. काकाचं पत्र आमच्या कंदिलावरून जाणं शक्यच नव्हतं. बाबाला हे ठाऊक होतं. मला त्यानं कितीतरी वर्षांनी सांगितलं. आजीला कधीच सांगितलं नाही.

हे सगळं मी विसरलो होतो असं नाही, पण घरातली गोष्ट म्हणून एका कोपऱ्यात पडून होतं. ते बाहेर निघालं अमेरिकेत.

माझा पुतण्या, म्हणजे त्याच काकाचा नातू म्हणा, इलिनॉय राज्यात पिओरिया नावाच्या गावी यंत्रांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. त्यानं मला एका वर्षी सप्टेंबरात बोलावलं. “काकाजी, मक्याची शेती पाहून घ्या,” म्हणाला. पाहिली. जमीन आपल्यासारखीच काळी, पण सपाट अशी की पोळीसारखी. धुरा नाही, बांध नाही, झाड नाही. एका माणसाचा मका डोळ्यांच्या टोकापर्यंत. मी विचारलं, इथं जागल कोण करते? तो हसला. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, “याच मक्यात एक टपालाचं विमान पडलं होतं, माहीत आहे का?” अन् त्यानं पुस्तक काढलं. माझं इंग्रजी दहावीपुरतं. तो वाचत गेला, मराठीत सांगत गेला. दोन रात्री लागल्या.

पायलटचं नाव चार्ल्स लिंडबर्ग. नाव ओळखीचं वाटेल, कारण १९२७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्यानं साडेतेहतीस तासांत उडून गेलेला तोच हा. पण त्याच्या आधी तो टपाल वाहायचा. त्याचं घर मिनेसोटातलं, आजोबा स्वीडनहून आलेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, सोळा-सतरा वर्षांचा असताना, त्यानं घरची शेती सांभाळली होती, गाई दुहायची यंत्रं विकली होती. हे ऐकल्यावर माझा त्याच्यावर जीव जडला. शेण काढलेला माणूस आहे म्हटलं.

१९२६ च्या १५ एप्रिलपासून सेंट लुइस ते शिकागो हा टपालाचा रस्ता एका कंपनीला मिळाला. मधे दोन थांबे, स्प्रिंगफील्ड अन् पिओरिया. लिंडबर्ग मुख्य पायलट, वय २४. विमानं युद्धातली उरलेली, डी.एच.४ नावाची, लाकडाची अन् कापडाची. पायलट वर उघड्यावर बसायचा, पावसात तोंड भिजवत. आता रात्र अन् खराब हवा यात नेमकं होतं काय, ते पुतण्यानं मला समजावलं. आपण अंधारात बैलगाडी हाकतो तेव्हा खरं तर आपण हाकत नाही, बैल रस्ता जाणतात, आपण झोपलो तरी घरी पोचतो. विमानाला बैल नाही. पायलटला खाली दिवे दिसले तर गाव कळतं, आभाळाची कड दिसली तर विमान सरळ आहे की तिरपं हे कळतं. धुकं आलं, ढगात शिरलं की दोन्ही गेलं. मग कानातला तोल फसवतो. माणसाला वाटतं सरळ चाललोय, अन् विमान भोवऱ्यासारखं खाली फिरत असतं. त्यासाठी काटे असतात, पण त्या विमानात काटे मोजकेच. रेडिओ नाही. कुठं उतरायचं ते डोळ्यांनीच शोधायचं.

१६ सप्टेंबर १९२६. लिंडबर्ग संध्याकाळी पिओरिया सोडून शिकागोकडे निघाला. थोडं पुढं गेल्यावर जमिनीवर धुक्याची गोधडी पसरलेली. धुक्याचा थर हजारेक फुटांचा, वर आभाळ स्वच्छ. त्यानं उतरायला जागा पाहावी म्हणून जळता फ्लेअर टाकला. तो पेटला न पेटला अन् दगडासारखा धुक्यात गेला. शिकागोजवळच्या मैदानावरच्या माणसांनी त्याला वाट दिसावी म्हणून पेट्रोलचे दोन पिंप पेटवले होते. धुक्यातून त्याला तेही दिसले नाहीत. चकरा मारत राहिला. रात्री सव्वाआठच्या सुमाराला इंजिन खोकलं. मुख्य टाकी संपली. त्याच्या हिशोबानं संपायला नको होती. झालं होतं असं की ११० गॅलनची टाकी गळत होती म्हणून दुरुस्तीला काढली होती अन् तिच्या जागी ८५ गॅलनची बसवली होती. पायलटला कोणी सांगितलंच नव्हतं. हे ऐकून मी पुतण्याला म्हणालो, हे तर आमच्या पाण्याच्या पाळीसारखं झालं. पाणी कमी सोडायचं अन् ज्याच्या शेतात जायचं त्याला सांगायचं नाही.

राखीव टाकीवर वीसेक मिनिटं काढता आली. त्यानं विमान वर नेलं. पाच हजार फुटांवर इंजिन पुरतं बंद झालं, तेव्हा छत्री घेऊन उडी मारली. छत्री उघडली. अन् मग त्याला आवाज आला. मेलेलं इंजिन पुन्हा चालू झालं होतं. विमानाचं नाक खाली गेलं तसं टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल पुढं आलं, अन् यानं उडी मारताना स्विच बंद केलाच नव्हता. रिकामं विमान त्याच्याभोवती चकरा मारत खाली येऊ लागलं. पहिल्या चकरेला तीनशे यार्डांवर. त्यानं पाच चकरा मोजल्या. मग धुकं आलं, त्यानं पाय जुळवून धरले, तोंड झाकलं अन् मक्यात उतरला. मका डोक्याच्या वर, ताटं दाट. मी तिथं सप्टेंबरातच होतो, मका केवढा असतो ते पाहिलं. माणूस आत शिरला तर दोन ओळींत हरवतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. तो मक्यातून चाकोरी शोधत बाहेर आला, तर एक शेतकरी भेटला. शेतकऱ्यानं यालाच विचारलं, विमान पडल्याचा आवाज ऐकला का? हा म्हणाला, ते विमान माझंच, मीही तेच शोधतोय. शेतकऱ्याचा विश्वास बसेना. विमान चालवणारा माणूस विमानाशिवाय उभा कसा? शेवटी याला गुंडाळलेली छत्री दाखवावी लागली. त्या शेतकऱ्यासकट तीन मैलांच्या टापूतल्या प्रत्येकाची खात्री होती की विमान आपल्याच घराला चाटून गेलं अन् अगदी जवळ पडलं. आमच्या गावात वीज पडली तरी असंच होतं. प्रत्येकाच्याच आंब्यावर पडते.

शेतकऱ्याच्या घरी टेलिफोन होता. तिकडे तेव्हा एका तारेवर गावातली सगळी घरं असायची, एकानं उचलला की सगळ्यांना ऐकू यायचं. त्यावरून विचारपूस केली. विमान दोन मैलांहून जास्त दूर, दुसऱ्याच्या मक्यात पडलं होतं. पिकातून ८० यार्ड घासत जाऊन त्याचा गोळा झाला होता. टपालाची जागा फाटली होती, एक थैली बाहेर पडली होती, पण पत्रं शाबूत. ओटावा गावाहून शेरीफ आला. थैल्या त्या गावच्या टपालघरात नेल्या अन् पहाटे साडेतीनच्या गाडीनं शिकागोला रवाना केल्या. माणूस पाच हजार फुटांवरून पडला अन् टपाल काही तास उशिरा पोचलं, एवढंच.

पुतण्या मला त्या ओटावाला घेऊन गेला, पिओरियाहून दीड-दोन तासांची वाट. इलिनॉय नदीला तिथं फॉक्स नदी मिळते. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावली, मी मक्यात चार पावलं आत गेलो. पानांच्या कडा हाताला कापतात, आपल्या ज्वारीसारख्या. पीक कोणाचं होतं कोण जाणे. परत येऊन बसलो.

दीड महिन्यानं, ३ नोव्हेंबरला, लिंडबर्गला त्याच रस्त्यावर पुन्हा उडी मारावी लागली. या वेळी पाऊस अन् बर्फ. पेट्रोल संपत आलं, खाली काही दिसेना. तेरा-चौदा हजार फुटांवरून उतरला तो काटेरी तारांच्या कुंपणावर. अंगातल्या जाड कपड्यांनी वाचवलं. चालत एका खेड्यातल्या दुकानात गेला, तिथं शेतकरी पत्ते खेळत बसले होते. विमान सकाळी सापडलं, एका शेतघराच्या मागं. या वेळी एक थैली फाटून पत्रं तेलात भिजली होती, पण वाचता येत होती.

अन् त्या थैल्यांत असायचं काय? मला वाटलं होतं आयांची, पोरांची पत्रं. पुतण्यानं सांगितलं, जास्त करून बँकांचे कागद. चेक, हुंड्या. एक दिवस आधी पोचले तर एका दिवसाचं व्याज वाचायचं. मी काही बोललो नाही. सावकाराचं व्याज रात्रीसुद्धा चालतं हे मला शिकवायची गरज नव्हती, पण त्यासाठी माणसाला धुक्यातून उडवतात हे नवं होतं. १९१८ ते १९२७ या काळात अमेरिकेच्या टपालखात्याचे तीसहून जास्त पायलट असे मेले. पुढं १९३४ च्या फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, रूझवेल्टनी, कंपन्यांची कंत्राटं रद्द करून टपाल सैन्याकडे दिलं. सैन्याच्या पायलटांना रात्री अन् ढगात उडायचा सराव नव्हता अन् तो हिवाळा वाईट. काही महिन्यांत डझनभर पोरं गेली. मग टपाल पुन्हा कंपन्यांकडे आलं. सरकार कुठलंही असो, आधी हुकूम निघतो अन् हवा नंतर पाहतात.

दुसऱ्या रात्री पुतण्यानं जे वाचलं त्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

लिंडबर्गच्या पाच वर्षं आधी, १९२१ साली, अमेरिकेत टपालाची विमानं फक्त दिवसा उडायची. रात्री थैल्या रेल्वेत घालायच्या, सकाळी पुन्हा विमानात. लोक म्हणू लागले, मग रेल्वेच काय वाईट, विमानाचा खर्च बंद करा. टपालखात्यानं ठरवलं की एकदा रात्रीसुद्धा उडून दाखवायचं, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. २२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कहून दोन अन् सॅन फ्रान्सिस्कोहून दोन विमानं निघाली. भर हिवाळा. न्यूयॉर्कची विमानं शिकागोच्या पुढं गेलीच नाहीत, हवेनं अडवली. पश्चिमेकडून आलेल्यांपैकी एक पायलट नेवाडात विमान कोसळून मेला. आता उरलं एक. हातोहात ते नेब्रास्का राज्यातल्या नॉर्थ प्लॅटला आलं. तिथून जॅक नाइट नावाच्या पायलटनं रात्री पावणेअकराला ते घेतलं. त्याचं काम ओमाहापर्यंतच. तो एकच्या पुढं ओमाहाला पोचला, तर पुढं नेणारा पायलट शिकागोतच अडकलेला. पुढचा रस्ता नाइटनं कधी पाहिला नव्हता. नकाशा म्हणजे मोटारवाल्यांचा रस्त्यांचा. तरी तो गेला. डी मॉइनला बर्फ इतकं की उतरता येईना, पुढं आयोवा सिटीला उतरला. तिथं एकच राखणदार जागा होता, त्यानं जाळ दाखवला. सकाळी पावणेनऊच्या आत नाइट शिकागोत. दुसऱ्या पायलटांनी टपाल पुढं न्यूयॉर्कला नेलं. सगळं मिळून ३३ तास २० मिनिटं. त्यावर खूश होऊन त्यांच्या संसदेनं पैसे दिले, मग रस्त्यारस्त्यावर फिरते दिवे उभे राहिले, दर दहा-पंधरा मैलांवर एक, खाली सिमेंटचे मोठे पिवळे बाण. १ जुलै १९२४ पासून रात्रीचं टपाल रोजचं झालं.

पण त्या पहिल्या रात्री दिवे नव्हते. नाइटला नेब्रास्काच्या अंधारात रस्ता दाखवला तो शेकोट्यांनी. टपालखात्यानं सांगून ठेवलं होतं, अन् रस्त्यावरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात जाळ करून ठेवले होते. बर्फात, रात्री, लाकडं अन् तेल घेऊन माणसं उभी राहिली, वरून एक आवाज जाईल म्हणून.

मी पुतण्याला म्हटलं, थांब. हे पुन्हा वाच.

त्यानं पुन्हा वाचलं. “का झालं काकाजी?” त्यानं विचारलं. मी त्याला त्याच्या पणजीच्या कंदिलाची गोष्ट सांगितली. त्याला ती कोणी सांगितलीच नव्हती.

काकाची पत्रं डिसेंबरात आली. चार, एकदम, एकाच दिवशी. माघार घेताना टपाल कुठं तरी तुंबलं होतं. पोस्टमननं फाटकापासूनच हाक मारली होती. बाबानं चारही पत्रं तारखा लावून वाचली, आजीनं शेवटचं आधी वाचायला लावलं. काका १९६३ च्या उन्हाळ्यात रजेवर आला. पायाची दोन बोटं हिमानं गेलेली, बाकी धड. आजी त्याला म्हणाली, “म्या कंदील लावला म्हनून तुही चिठ्ठी आली.” काका फौजी माणूस, विमानं कुठून कुठं जातात त्याला माहीत. त्यानं बाबाकडे पाहिलं. बाबा बैलाची वेसण पाहू लागला. काका म्हणाला, “हो माय, वरून दिसते म्हन्ते पायलट लोक.”

आजी १९६७ च्या आखाडात गेली. तेरवी झाल्यावर दोन-चार दिवसांनी रात्री जोरात पाऊस लागला. मी अकरा-बारा वर्षांचा, ओसरीत झोपलेलो. पश्चिमेकडून घरघर आली, ढगात कुठं तरी. बाबा उठला अन् कंदिलाची काच पुसू लागला.

“आता कायले, बाबा?” मी विचारलं. “काका तं इकडे पुलगावलेच हाये.”

“दोरी धर,” बाबा म्हणाला.